चंदा हसली म्हणून

आलापल्लीच्या लाकूड डेपोत गुणवंतराव कारकून होते. माणूस अबोल, आपण बरं नि आपलं काम बरं असा. एकुलती एक मुलगी चंदा, तिला सातवीपर्यंत शिकवून ब्रह्मपुरीच्या मुखरूजींच्या घरी दिली होती. खातंपितं घर, धानाची शेती, जावई डोमाजी मॅट्रिक झालेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात मुखरूजींच्या गड्यानं चंदाला ट्रंकेसकट बापाच्या दारात आणून सोडलं.

झालं होतं ते असं. मुखरूजींचे थोरले भाऊ वारले. तिसऱ्या दिवशी ओसरीवर माणसं बसायला आली होती, आणि आतून सुनेचं हसणं ऐकू आलं. चांगलं खळखळून. सासू आत गेली, तर सून धानाच्या ढोलीमागे कादंबरी घेऊन बसलेली, पदरानं डोळे पुसत होती. पुस्तक कुणी दिलं, असं विचारल्यावर ती काही बोलेना. मग सासूच बोलली. घरात सुतक असताना हसायला लावणारी पुस्तकं परक्या बाईला कोण देतो, हे सगळ्यांना कळतं, म्हणाली. निरोप आला तो असा, की सुनेनं चार माणसांत नाक घासावं, पुस्तक देणाऱ्याचं नाव सांगावं, मग पाहू.

"कोनं देलं पुस्तक, चंदे?" गुणवंतरावांनी विचारलं.

"ते इचारू नका, बाबा."

या उत्तरानं त्यांची झोप उडाली. पोरगी कुणाचं तरी नाव झाकून राह्यली आहे, म्हणजे काहीतरी आहेच. बायको भागीरथा चुलीपुढे रडायची. शेजारणी मीठ मागायला म्हणून यायच्या आणि चंदाकडे बघून जायच्या.

एका सकाळी गुणवंतरावांनी ट्रंकेतून ते पुस्तक काढलं. डेपोत सालींचा जाळ असायचा, त्यात टाकून द्यायचं ठरवलं होतं. पण टाकण्याआधी आत काय घाण आहे ती पाहावी, म्हणून दुपारच्या सुट्टीत सागाच्या ओंडक्यावर बसून त्यांनी ते उघडलं.

घाण काही सापडेना. तालुक्याच्या गावातला एक लाजाळू मास्तर होता. आवडत्या मुलीच्या दारावरून जाता यावं म्हणून तो सायकल घेतो, पण त्याला सायकलवरून उतरताच येत नाही. रोज तिचं दार मागे पडतं आणि मास्तर पुढं न्हाव्याच्या दुकानापाशी आपटतो. गावात बोभाटा होतो, की मास्तरांचं न्हाव्याशी काहीतरी बिनसलंय. शेवटी ती मुलगीच आपल्या दारासमोर काहीतरी मऊ अंथरून ठेवते, पडायचं तर इथंच पडा म्हणून. गुणवंतरावांना हसू आवरेना. पोट धरून हसले. आरा चालवणारा सुकलू धावत आला.

"बाबूसायेब, तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय," ते म्हणाले, आणि पुस्तक मिटलं. एवढ्यासाठी पोरीवर डाग लागला होता.

त्याच आठवड्यात रजा काढून ते मोटारीनं चांद्याला आणि तिथून छोट्या रेल्वेगाडीनं ब्रह्मपुरीला गेले. मुखरूजींच्या ओसरीवर पाणी झालं, चहा झाला. डोमाजी खांबाला टेकून उभा होता.

"पुस्तक म्या वाचलं, सोयरे," गुणवंतराव म्हणाले. "त्यात वंगाळ काई नाई." आणि त्यांनी आपल्या तुटक बोलीत मास्तराची गोष्ट सांगितली. "मंग ते पोरगी दारापुढं धानाची तनस टाकते..."

"तनस नाई, मामाजी," डोमाजी म्हणाला. "बापाची गादी टाकते. उन दाखवाले म्हून."

बोलताना तो हसला होता.

"तुले कसं माहीत?" मुखरूजींनी विचारलं.

डोमाजी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. सासू दारातून आत निघून गेली. मुखरूजी म्हणाले, "झालं ते झालं. पोरीले पाठवून द्या. नाक घासाचं राहू द्या."

गुणवंतराव घरी आले ते छातीवरचं ओझं उतरल्यासारखे. भागीरथानं ऐकताच देवापुढं दिवा लावला. चंदानं मात्र एकच विचारलं, "ते काई बोलले?"

"नाई."

"मंग मी जात नाई."

"पागल झाली काय?" आई म्हणाली.

"नागपूरहून त्यायनंच आनलं होतं पुस्तक. हे पान वाच, म्हून कोपरा मोडून देल्ला होता. सासू मले बोलून राह्यली होती, तवा ते दारातच उभे होते."

"तू सांगतलं काऊन नाई?" गुणवंतरावांनी विचारलं.

"ते सांगतील म्हून वाट पाहून राह्यली होती, बाबा."

भागीरथानं समजावलं, रागावली, जेवण सोडलं. चंदा हलली नाही. गुणवंतराव ना बायकोच्या बाजूनं बोलले, ना पोरीच्या. खरं काय ते चारचौघांत सांगावं, असं त्यांच्या फार मनात होतं. पण चंदानं हात जोडले. "त्यायचं त्यायले सांगू द्या," म्हणाली. डोमाजीनं ते कधीच सांगितलं नाही. पुढच्या वर्षी त्याचं दुसरं लग्न झाल्याचं कळलं, आणि गावानं जे समजायचं ते समजून घेतलं.

चंदा मास्तरीण झाली. एटापल्लीकडच्या एका शाळेत तिला नोकरी लागली. गुणवंतराव तिला भेटायला गेले तेव्हा ती ओट्यावर बसून पोरांना शिकवत होती, आणि पोरं तिला गोंडी शब्द शिकवत होती. तिचे गाल बसले होते. त्या दिवशी मुखरूजींच्या ओसरीवर आपण डोमाजीचं नाव मोठ्यानं का घेतलं नाही, हे त्यांना तिला विचारायचं होतं. म्हणजे विचारायचं नव्हतं, सांगायचं होतं. जमलं नाही.

"करमते ना इथी?" एवढंच विचारलं.

"करमते कधी, नाई कधी," ती म्हणाली, आणि आईसाठी बांधून ठेवलेली चारोळी त्यांच्या पिशवीत घालू लागली.