अप्पांच्या गाडीचा खोकला

वादिराज मास्तरांना एक गोष्ट मुळीच सहन होत नसे, ती म्हणजे अप्पांच्या, त्यांच्या वडिलांच्या, फियाटचा खोकला. चौसष्ट सालची गाडी, इंजिन ठणठणीत, पण कार्बुरेटर पार झिजलेला. वळणावर पाय सैल सोडला की ती तीनदा खोकणारच. अप्पा होते तेव्हा दर दसऱ्याला हुबळीहून धारवाडला, सप्तापूरच्या थोरल्या घरी, सगळे ह्याच गाडीनं जायचे. कोपऱ्यावर ती खोकली की लीलावहिनी चहाचं आधण ठेवायच्या. बाकीच्यांना त्याचं कोण कौतुक! मास्तरांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या शाळेत पोरांना भौतिकशास्त्र शिकवायचं, आणि घरच्या गाडीची ही गत!

अप्पा गेले आणि गाडी हुबळीतच, विद्यानगरला मास्तरांकडे आली. शहाण्णव सालच्या दसऱ्याला ती नवलूरच्या चढावर जी बसली ती बसलीच. मास्तर आणि त्यांची बायको कुसुमावती बसनं धारवाडला पोचले तोवर दिवे लागले होते. थोरले भाऊ विठ्ठलराव, म्हणजे अण्णा, व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले. काचबिंदूनं त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, पण आवाज शाबूत होता.

"दुपारपासून कान लावून बसलोय मी!" ते कडाडले. "गाडी दोघांच्या नावावर आहे, विसरू नको. पुढल्या दसऱ्याला ती आपल्या चाकांवर माझ्या दारात आली नाही, तर बेळगावचा एक जण मागतोय, त्याला देऊन टाकायची. अप्पांची वस्तू रस्त्यात पडलेली मला खपायची नाही."

हे मास्तरांच्या जिव्हारी लागलं. ह्याच गाडीत अप्पांनी त्यांना चालवायला शिकवलं होतं. ती गेली तर अप्पांचं म्हणून हाताशी काय उरणार?

त्यांनी कोल्हापूरहून मोठ्या तोंडाचा, दोन नळ्यांचा कार्बुरेटर आणवला आणि तिथून छळवाद सुरू झाला. त्याची भोकं इंजिनाशी जुळेनात, म्हणून मध्ये ॲल्युमिनियमची पट्टी घातली. पट्टी बसली तर बॉनेट लागेना. बॉनेट लागलं तर इंजिन उभ्या जागी कधी भुंकायचं, कधी विझायचं. प्लग काढून पाहावेत तर नुसती काजळी. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी पुढे जायच्या आधी विचार करत बसायची. "चल की गं भवाने!" मास्तर ओरडायचे. शेजारचे पुंडलिकराव गच्चीवरून रोज विचारायचे, "एन्री सर, काय हो, अजून झालं नाही?" झालं असतं तर इथे कशाला मरत असतो, असं मास्तर दातओठ खात पुटपुटायचे.

असं करता करता खंडेनवमी आली. त्या पहाटे अंथरुणातच त्यांच्या डोक्यात उजेड पडला. पट्टीखालून हवा आत शिरतेय! धावत बाहेर आले, तर पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सगळी फौज देवासमोर पाटावर हळदीकुंकू लावून बसलेली.

"कुसुम, फक्त नट आवळायचेत गं."

"आज हत्याराला हात लावायचा नाही."

"अगं, उद्या जायचंय!"

"उद्या पूजा हलवली की घ्या. अप्पा लावत होते का हात?"

मास्तरांनी मग हळूच स्वयंपाकघरातून एक चमचा उचलला, निदान स्क्रू तरी फिरवू म्हणून.

"अय्य! तो कुठं घेऊन चाललात? चमचा, विळी, उलथनं, ही माझी हत्यारं. ठेवा पाटावर!"

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. रोग कळला, औषध समोर, आणि हात लावायचा नाही. दिवसभर ते बॉनेट उघडून बघत आणि आपटून बंद करत.

दसऱ्याला पूजा हलली आणि मास्तर पाना घेऊन धावले. नट आवळले, स्क्रू किंचित फिरवला, आणि काय सांगावं, इंजिन लोण्यासारखं चालू लागलं! नवलूरचा चढ गाडीनं हसत काढला. "बघितलंस? बघितलंस?" मास्तर सारखे म्हणत होते. कुसुमावती सोनं म्हणून वाटायची बन्नीची पानं मांडीवर सांभाळत बसली होती. सप्तापूरच्या कोपऱ्यावर त्यांनी मुद्दाम पाय सैल सोडला. हूं नाही की चूं नाही.

गाडी फाटकाशी थांबली तरी कोणी बाहेर आलं नाही. व्हरांड्यात अण्णा होते, मान कोपऱ्याच्या दिशेला कललेली.

"अण्णा, आलो! गाडी घेऊन आलो!"

"कुठली गाडी? आत्ता एक आली खरी. म्हटलं, शेजाऱ्यांकडची असेल. आपली असती तर मला ओळखू नसती आली?"

"अप्पांचीच आहे. खोकला घालवला तिचा. वर्षभर राबलोय!"

"असेल बाबा," अण्णांचा आवाज खाली आला. "मला दिसत काही नाही. वर्षातनं एकदा कोपऱ्यावर ती खोकायची आणि वाटायचं, अप्पा आले. तेवढंच होतं. आता कुणाचीही गाडी ती. दे जा त्या बेळगाववाल्याला."

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर नखांतली काजळी निघाली नाही, आणि ह्याला हवा खोकला! ओठांवर आलं होतं सगळं. पण अण्णांची मान अजूनही कोपऱ्याकडेच होती.

ते ताडकन वळले आणि गाडीत जाऊन बसले. कुसुमावतीला वाटलं, रागानं निघालेच परत. त्यांनी गाडी कोपऱ्यापर्यंत मागे नेली आणि चोकची दांडी पुरती बाहेर ओढली. तापलेल्या इंजिनाच्या घशात नको तेवढं पेट्रोल ओतायचं म्हणजे शुद्ध गाढवपणा. वर्गातल्या पोरानं केला असता तर मास्तरांनी त्याला अंगठे धरून उभं केलं असतं. चांगलं चाललेलं इंजिन गुदमरलं, काळा धूर ओकलं आणि खोकलं. खों. खों. खों.

गाडी फाटकाशी येईतो अण्णा खांब धरून उभे राहिले होते. "लीला," ते आत तोंड करून ओरडले, "आधण ठेव गं! अप्पांची गाडी आली!"

मास्तर पायऱ्या चढले आणि काजळीच्या हातानं त्यांनी बन्नी पुढे केली. "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण, अण्णा." सोन्यासारखे राहू.

अण्णांनी पानासकट त्यांचा हात दाबून धरला. "गाडी तुझ्याकडेच ठेव. पण आवाज तेवढा असाच राहू दे रे."

मास्तरांचा राग अजून गेला नव्हता. "बरं," ते म्हणाले.

आणि परत निघाल्यावर कोपरा ओलांडून पुढे जाईपर्यंत त्यांनी चोक आत ढकलला नाही.