आरशामागची फळी

"तुला रंग लावायची गरजच नाही," सर म्हणाले. "तेवढाच खर्च वाचला."

सगळे हसले. मीही हसलो. हसू आलं नव्हतं. पण सगळ्यांची तोंडं उघडी असताना एकट्यानं तोंड मिटून बसायला जी छाती लागते, ती तेव्हा माझ्यात नव्हती.

परभणीच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. गॅदरिंग जवळ आलं होतं. त्या दिवसांत टीव्हीवर कपडे धुवायच्या मशीनची जाहिरात लागायची. मळका शर्ट आत टाकला की पांढराशुभ्र बाहेर. आमच्यातल्या एकाच्याही घरी मशीन नव्हती, निम्म्यांच्या घरी नळसुद्धा नव्हता. म्हणून तिचीच टिंगल करायचं ठरलं. शर्टाऐवजी माणूस आत घालायचा. मळका आत जाईल, गोरागोमटा बाहेर येईल. नाव ठेवलं, 'माणूस धुवायची मशीन'.

गोरागोमटा कोण यावर बरीच चर्चा झाली. शेवटी सुधीर ठरला. जिंतूरकडच्या एका बड्या देशमुखाचा मुलगा. मळका कोण यावर चर्चा झालीच नाही. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि ते वाक्य बोलले.

तिथंच उठून जायला पाहिजे होतं, असं आता कोणीही म्हणेल. कुठं जायचं? प्रॅक्टिकलचे मार्क याच सरांच्या हातात. देवगाव फाट्याजवळच्या आमच्या गावात, आमच्या बौद्ध वस्तीतून कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिला. बाप मानवतच्या मोंढ्यात कापसाच्या गाठी उचलायचा. त्याच्यासमोर नापास होऊन उभं राहण्यापेक्षा चार जणांचं हसणं परवडलं.

आणि खरं सांगायचं तर मला ती जादू करायची होती. मनापासून करायची होती. ती माझ्याच डोक्यातून निघाली होती.

कपाटाएवढी लाकडी पेटी. पुढं दार. आत दोन उंच आरसे, उघडलेलं पुस्तक उभं करावं तसे, पुस्तकाची पाठ बघणाऱ्यांकडं. पेटीला आतून सगळीकडं एकाच निळ्या कागदाचं अस्तर. दार उघडलं की आरशात बाजूच्या भिंती दिसायच्या आणि बघणाऱ्याला वाटायचं, मागची भिंतच दिसते. पेटी रिकामी. आरशांच्या मागं मात्र दोन माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी जागा. आरशांना मी बिजागऱ्या लावल्या होत्या, म्हणजे दारासारखे उघडायचे.

सुधीर आधीच मागं लपणार. लोकांना रिकामी पेटी दाखवायची. मग मळका माणूस आत, दार बंद, ढोलकी सुरू. तेवढ्यात मी आरसा उघडून मागं जायचं, सुधीरनं पुढं यायचं. दार उघडलं की सुधीर. तो झोकात बाहेर पडला की पेटी पुन्हा रिकामी. मग निवेदकानं विचारायचं, "मळ कुठं गेला?" आणि सगळ्यांनी मिळून ओरडायचं, "गटारात गेला!"

फरशीवर खडूनं रेघा मारून मी आरशांचा कोन बसवला. पहिल्यांदा दार उघडून लांबून बघितलं आणि पेटी खरंच रिकामी दिसली, तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवायला लागलो. आरसे सुधीरच्या घरच्या जुन्या कपाटाचे होते. सर म्हणाले होते, "माईकवरून तुझं नाव सांगू. जादूची योजना कोणाची ते कळू दे लोकांना." ते वाक्य मी मनात किती वेळा म्हटलं असेल. माईकवरून माझं नाव.

तालमी सुरू झाल्या. आरशांमागच्या अंधारात सुधीरचा गुडघा माझ्या गुडघ्याला, खांदा खांद्याला लागायचा. एकाला उठू देताना दुसऱ्याला अंग चोरावं लागायचं. पहिल्या तालमीनंतर सुधीर तडक नळावर गेला. हात धुतले, तोंड धुतलं, मान धुतली. मी विचारलं तर म्हणाला, "आत लय गरम होतंय यार." दुसऱ्या तालमीनंतरही गेला. नंतर म्हणायला लागला, जागा कमी पडायली, दम कोंडायला. मी पेटी मागून वाढवली. माझ्या जादूत खोट नको म्हणून रविवारची सुट्टी घालवून वाढवली.

तरी त्याचं भागेना. मग सरांनीच तोडगा काढला. "मागं मधोमध एक फळी टाक. अलीकडं तो, पलीकडं तू. म्हणजे धडपड होणार नाही."

मला पटलं. मी फळी आणली, रंधा मारला, खालीवर सरकेल अशी खाचेत बसवली. बसल्यावर खांद्याच्या वर येईल एवढी. डावीकडं त्याची जागा, उजवीकडं माझी. त्याचा आरसा वेगळा, माझा वेगळा. मी माझ्या बाजूनं आत शिरायचं, फळीवर दोनदा टकटक करायची, मगच त्यानं त्याच्या बाजूनं बाहेर पडायचं. कपड्याला कपडा लागायची सोय राहिली नाही. सरांनी पाठ थोपटली नाही, पण "वा!" म्हणाले. मी खूश.

पुढच्या तालमीत सुधीर बाहेर पडल्यावर सर म्हणाले, "तू आतच थांब. उजेड कुठून झिरपतो का बघायचंय." मी थांबलो. तेवढ्यात चहा आला. सगळे पेटीच्या बाजूलाच पायऱ्यांवर बसले आणि मला विसरले.

कोणीतरी विचारलं, "काय सुध्या, आता बरंय का आत?"

"आता काय न्हाई," सुधीरचा आवाज. "आधी कसं बसावं सांगा बरं. अंगाला अंग लावून, त्याच्यासंगं. आमच्या घरी कळालं तर आई अंगणातच नाहायला लावंल."

पुन्हा हसणं. मग सर. शांतपणे, वर्गात समजावून सांगतात तसे. "म्हणून तर फळी टाकायला लावली. त्याला कशाला दुखवा? पोरगं कामाचं हाय. त्याच्याच हातानं टाकून घेतली."

मी आरशामागं बसलो होतो. लोकांना पुढून चकचकीत दिसतो तो आरसा, मागून नुसता तांबडा लेप. त्यात काही दिसत नाही. स्वतःचं तोंडही नाही. तिथं बसून एकेक गोष्ट माझ्या ध्यानात आली. रंग लावायची गरजच नाही म्हणाले होते. मला रंग लावलेलाच नव्हता. मग सुधीर नळावर जाऊन मानेपर्यंत काय धूत होता?

मला धूत होता.

गावाच्या एका टोकाला आमची वस्ती, मधे ओढा. तो ओढा कोणी खणला मला माहीत नाही. पण पेटीतला ओढा मी खणला. रंधा मारून, गुळगुळीत करून, कोणाला टोचू नये म्हणून.

दरवाजा बाहेरून लावलेला. हाक मारली असती तर उघडला असता. हाक मारली नाही. मला आमच्या घरची कणगी आठवली. विद्यापीठाच्या नामांतरावरून पहिल्यांदा पेटलं तेव्हा मी लहान होतो. वस्तीवर दगड यायला लागले आणि मायनं मला उचलून धान्याच्या रिकाम्या कणगीत टाकलं, वर गोधडी झाकली. "हू की चू करू नको. तू न्हाईसच असं समज." मी तसंच समजलो होतो. बाहेर ओरडा चाललेला आणि मी नव्हतोच. मायचं बरोबर होतं, तिला मला जिवंत ठेवायचं होतं. पण इथं कोणी दगड मारत नव्हतं. इथं चहा चालला होता. आणि मी पुन्हा नव्हतोच. या खेपेला कणगीसुद्धा मीच विणून दिली होती.

बऱ्याच वेळानं कोणीतरी दार उघडलं. "अरे, तू आतच हायेस व्हय!" पुन्हा हसणं. त्या दिवशी मी हसलो नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

होस्टेलवर गौतमला सांगितलं. तो माझ्याच खोलीतला, एक वर्ष पुढं. खूप भडकला. "उद्यापासून जाऊच नको. बोंबलू दे त्यायला."

मला ते पटेना. मी गेलो नाही तर दुसऱ्याला धरतील. आमच्याच होस्टेलचा, रंगाचा खर्च वाचवणारा. पेटी तीच, फळी तीच. मी नुसता निघून गेलो तर ती फळी तशीच राहील, माझ्या हातची. ही गोष्ट मला सहन होईना.

"मी जाणार," म्हणालो.

गॅदरिंगचा दिवस. दुपारचा कार्यक्रम, मांडव गच्च. होस्टेलची आमची पोरं नेहमीसारखी मागं उभी. सरांनी माईकवरून बजावलं, "आपल्या गॅदरिंगमध्ये जातबित, राजकारण काही नाही. निखळ करमणूक." माझं नाव काही घेतलं नाही. विसरले असतील. आता त्या नावाचं मला काही वाटत नव्हतं.

रिकामी पेटी दाखवली, लोक चकित. मी मळक्या कपड्यात आत शिरलो, दार लागलं, ढोलकी सुरू झाली. मी माझा आरसा उघडून मागं गेलो. बसलो. पलीकडं सुधीरचा श्वास ऐकू येत होता. तो माझ्या टकटकीची वाट बघत होता.

मी टकटक केली नाही. दोन्ही हातांनी फळी धरली, वर ओढली, खाचेतून काढली आणि बाजूला उभी केली. माझा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागला.

"ए," तो कुजबुजला, "फळी?"

"काढली."

"काय करायलास? सरक ना तिकडं!"

"तिकडं जागा न्हाई. इथंच बसायचंय."

तो भिंतीला चिकटला. मोकळं व्हायचं तर त्याला त्याचा आरसा उघडावा लागला असता, आणि त्याची कड मी धरून ठेवली होती. ओरडायची सोय नव्हती, बाहेर अख्खं कॉलेज. माझा दम इतके दिवस जसा कोंडला होता तसा त्याचा थोडा वेळ कोंडला. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही.

ढोलकी थांबली. बाहेरून दार उघडायला लागले तसे मी दोन्ही आरसे ढकलले. उजेड आत आला. आम्ही दोघं, खांद्याला खांदा, सगळ्यांसमोर. तो पांढऱ्या सुटात, मी मळक्या शर्टात. निवेदक गोंधळला. पण त्याला पाठ झालेलं वाक्य तोंडातून निघून गेलं, "मळ कुठं गेला?"

कोणी "गटारात" म्हणेना.

मी उभा राहिलो. "कुठं न्हाई गेला. हितंच कॉलेजात हाय," म्हणालो, "नळावर जाऊन बघा, तिथं सापडंल."

मग मागून एक टाळी आली. गौतमची असणार. मग आमच्या सगळ्या पोरांची. पुढच्या रांगा वळून मागं बघायला लागल्या. मी फळी उचलली, स्टेजवरून उतरलो आणि मधल्या वाटेनं बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. बक्षीस समारंभाला मोठे पाहुणे येणार होते.

"तू राजकारण केलंस," ते म्हणाले. "एवढ्या चांगल्या प्रयोगाचा चुथडा केलास. प्रॅक्टिकल माझ्याकडंच हाय, माहीत हाय ना? सुधीरची माफी माग. संध्याकाळी पाहुण्यांसमोर पुन्हा करायचंय. जा, ती फळी आण आणि होती तशी बसव."

मी हात मागं बांधले.

"फळी न्हाई, सर. सकाळी होस्टेलच्या बंबात घातली. आमी सगळ्यांनी त्या पाण्यानं आंघोळ केली."

"मग दुसरी कर."

"दुसरी तुमी करा. माझ्या हातानं आता होणार न्हाई."

प्रॅक्टिकलला त्यांनी मला नापास केलं. मी बापाला कारण सांगितलं, सगळं, नळासकट. पुन्हा परीक्षेला बसलो. तेव्हापासून कोणी गोड बोलून मला जरा पलीकडं बसायला सांगितलं, की मी आधी मधे काय घातलंय ते बघतो. आणि ते उपटल्याशिवाय बसत नाही.