केळ्यातले पांढरे धागे
परवा भांड्यांचा साबण पिकल्या केळ्यांवर सांडला आणि त्या वासाने मला वारज्यातल्या आमच्या सोसायटीचा हॉल आठवला. जनुकांत दुरुस्ती करण्यावर पीएचडी करणारी शेजारची मुलगी एका रविवारी तिथे पोरांना केळ्यातला डीएनए दाखवत होती. मेडिकलचा प्रवेश हुकला म्हणून रडत बीएस्सीला गेले आणि तिथे हा विषय भेटला, असं तिने हसत सांगितलं. कुस्करलेल्या केळ्यात साबण आणि मीठ घालून तिने वरून गार स्पिरिट ओतलं, तसे पांढरे धागे वर आले. माझ्याकडे गणित शिकताना जांभया देणारी माझी लेक तिला प्रश्नांवर प्रश्न विचारत होती. मला ते बघवेना. मी मुद्दाम विचारलं, "केळ्यात एकूण जनुकं किती?" ती म्हणाली, "काका, नक्की आकडा आठवत नाही, बघून सांगते." मी जिंकलो असं वाटतंय, तोच लेक कुजबुजली, "बाबा, येत नाही ते ती सरळ सांगते! भारी ना?" बायको म्हणाली, "अहो, तोंड का पाडलंय? केळी तुमची होती का?" आता लेकही त्याच विषयात संशोधन करते. काही अडलं की फोन त्या ताईला जातो. मला विचारते, "बाबा, जेवलात का?"