कांबळे मॅडमनी पत्ता बदलला

कंप्युटर सेंटरमध्ये किस्से किती साठतात, हे तिथं काम केलेल्यालाच कळतं. फ्लॉपीला तरी फॉरमॅट मारता येतो, डोक्याला कसा मारणार?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. विट्यात कांबळे मॅडमचं सेंटर होतं, मी तिथं टायपिंग शिकवायचो. आमच्याकडची कितीतरी माणसं सोनं गाळायच्या गलाई धंद्यात देशभर पांगलेली. त्यांच्या ईमेल सेंटरच्या एकाच पत्त्यावर यायच्या. मॅडम त्या छापून घरोघर पोचवायच्या, वाचूनही दाखवायच्या.

एक दिवस ईमेल देणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. महिन्याभरात सेवा बंद! मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या कंपनीचा पत्ता घेतला, तर तीबी उद्या गाशा गुंडाळंल. आता स्वतःचंच डोमेन घ्यायचं."

* * *

डोमेनला नाव काय द्यायचं? कुणी देवीचं सुचवलं, कुणी गावाचं. मॅडमनी सरळ स्वतःचं आडनाव लिहिलं.

एक गिऱ्हाईक हळूच म्हणालं, "मॅडम, सगळ्या गावाची पत्रं तुमच्या नावावर?"

"कंपन्या येतील-जातील. मी हाय की हितंच!"

* * *

डोमेनवाल्या कंपनीतून फोन आला. "घरात कुणी पुरुष माणूस आहे का? थोडं टेक्निकल बोलायचंय."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हायत की. पण त्यांना यातलं काई कळत न्हाई. तुमाला कळत असंल तर बोला!"

पुढची वीस मिनिटं तो माणूस नुसता "येस मॅडम" म्हणत होता.

* * *

जे क्वचितच ईमेल बघायचे त्यांना नवा पत्ता फोनवर सांगायला औंधचे रिटायर्ड सुभेदार मदतीला आले. जन्म लष्कराच्या सिग्नल विभागात गेलेला. एसटीडीवर खणखणीत आवाजात स्पेलिंग सांगायला लागले, "के फॉर किलो! ए फॉर अल्फा!"

पलीकडं कोईमतूरला गलाईवाला गडबडला. "आवं सुभेदार, किलो कशाचं? सोन्याचं? हितं आमी ग्रॅमवर दिवस काढतोय!"

* * *

मी मॅडमना म्हणालो, "नवा पत्ता सगळ्यांना एकदमच पाठवून टाकू. एक मेल, काम खलास."

"लग्नाची पत्रिका हाय व्हय रं? एकेकाला लिही. घरची चार वाक्यं घाल, तर नवा पत्ता ध्यानात ऱ्हाईल."

आठ दिवस आम्ही घरोघर जाऊन चार-चार वाक्यं गोळा केली. कुणाची म्हैस व्याली, कुणाची बहीण पास झाली.

* * *

जिजाक्कांचा तानाजी दोन वर्षांपूर्वी गुवाहाटीला गेला. तिथं परस्पर लग्न केलं म्हणून आईनं बोलणं टाकलं. त्याची एकच मेल आलेली, "पोचलो." मी त्याचं नाव यादीतून काढायला निघालो, तर मॅडमनी हात धरला. जिजाक्कांकडं गेलो, तर त्यांनी तोंड फिरवलं. मग मॅडमनी स्वतःच टाईप केलं, "पत्ता बदलला. आई तीच आहे."

जुना पत्ता बंद झाला. त्यानंतर चार दिवसांनी नव्या पत्त्यावर उत्तर आलं, इंग्रजी अक्षरांत मराठी, "आईला विचारा, दोघं आलो तर चालंल का?"

मॅडमनी कागद घेऊन जिजाक्कांचं घर गाठलं. मी मागं. वाचून दाखवलं. जिजाक्का भाकरी थापत होत्या. हात थांबले. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "इचारतोय काय म्हणावं! सून तिखट खाती का, तेवढं कळीव."