अव्वांचं शिकागो

आमच्या उमरग्याच्या गल्लीत कुणी गावाला निघालं की अव्वा दारात येऊन विचारत, "किती जेवणाचा परवास हाय?" किलोमीटर, तास यांच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. सोलापूर म्हणजे नुसता चहा, पुणं म्हणजे एक जेवण. त्या हिशोबानं धपाटे बांधले जायचे आणि नको म्हणायची कुणाची टाप नव्हती. मी एकदा ऑफिसच्या गाडीनं हैदराबादला जाताना नको म्हणालो, तर त्यांनी डबा ड्रायव्हरच्या हाती दिला. "ह्याला भूक लागली तर देऊ नगा," असंही बजावलं.

गल्लीतल्या सगळ्यांच्याच त्या अव्वा. पोटचा मुलगा एकच, शिवराज, माझा वर्गमित्र. तो नोकरीसाठी शिकागोला गेला. पोचल्यावर त्याचा फोन आला, "काल पहाटे हैदराबादहून उडालो, काल दुपारी चारला पोचलो." अव्वांनी लगेच निकाल लावला, एक जेवण. "पुण्यायेवढंच हाय की." तिथली घड्याळं आपल्यामागं दहा-अकरा तास चालतात, ते तेरा हजार किलोमीटर कापायला जवळजवळ अख्खा दिवस आणि रात्र लागते, हे शिवराजनं सांगितलं नाही. आम्हीही नाही. आईच्या जिवाला तेवढाच आधार, असं सगळ्यांना वाटलं.

पण शिकागो पुण्याइतकं जवळ आलं आणि तिथंच बिनसलं. समोरच्यांचा पुण्याचा मुलगा महिन्याला यायचा, शिवराज दोन वर्षांनी. अव्वा फोनवर "बरी हाय" एवढंच बोलू लागल्या. तो आला तरी तुटकच. एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "त्याच्या मनातच न्हाय यायचं." आयांचं नेहमीचंच, असं समजून मी भाकरी खाल्ली.

गेल्या थंडीत अव्वांच्या हृदयानं दगा दिला आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. "सोमवारी निघतो," असा शिवराजचा निरोप आला. सोमवारी संध्याकाळपर्यंत अव्वा दाराकडं बघत राहिल्या. मंगळवारची संध्याकाळही तशीच गेली, तेव्हा भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "पुण्यायेवढ्या वाटंला दोन दिस? मधनंच परत फिरला आसंल."

ते मला ऐकवेना. मी खाटेवर बसलो आणि त्यांच्याच मापात सांगितलं, "अव्वा, वाटेत चार जेवणं होतात. मधे उतरून दुसरं विमान धरावं लागतं. पुण्याला चाळीस वेळा जावं, एवढं लांब आहे ते."

"चार?"

"व्हय, अव्वा."

त्यांनी तोंड माझ्याकडं फिरवलं. "म्हंजी त्यो टाळत नव्हता." आणि डोळ्याला पदर लावून रडल्या. आम्ही ज्याला आधार समजत होतो, तो इतकी वर्षं त्यांना आतून खात होता. मला फार वाईट वाटलं.

बुधवारी सकाळी शिवराज पोचला. पाया पडायला वाकला, तर अव्वा खाटेच्या कडेला सरकल्या. "आधी पाय पसरून बस. दमला आसशील." नंतरचा पंधरवडा मायलेकांचं बोलणं काही संपेना.

उन्हाळ्यात अव्वा गेल्या. आमच्याकडं त्याच दिवशी माती देतात, पण एकुलता एक मुलगा, थांबावं की नाही यावर गल्लीचं एकमत होईना. शिवराज फोनवर सारखं म्हणत होता, "थांबा, मी निघालोच." तेव्हा अव्वांची धाकटी बहीण पुढं आली आणि तिनं माझ्या हातातला फोन घेतला. "शिवा, अक्कानं सांगून ठिवलंय," ती म्हणाली. "माझ्या मातीसाठी त्याला धावडवू नगा. लई लांब हाय त्यो."