पिकअपच्या पुढच्या सीटवरच्या सिस्टर

सिस्टर सगळ्यांना सारखंच तुच्छ लेखायच्या. बँकेतला अधिकारी असो की सित्र्याच्या मजूर कॅम्पमधला गवंडी, वॉर्डात आलेल्या प्रत्येकाकडे त्या एकाच नजरेने बघायच्या. म्हशीचा व्यवहार ठरवायला आलेला माणूस बघतो तशा. अधिकारी कण्हू लागला की म्हणायच्या, "ओरडू नका, तुमच्या पगारात सुई बारीक होत नाही." गवंड्याला म्हणायच्या, "मेल्या, पाय धुऊन यायला काय झालं होतं?" बहरीनमध्ये मला इतकी समान वागणूक दुसऱ्या कुणाकडूनही मिळाली नाही.

त्या सावंतवाडीकडच्या. लग्न केलेलं नव्हतं. नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. मी सत्तरच्या दशकाअखेर एका कंत्राटदाराकडे हिशेबनीस म्हणून गेलो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि ती पदवी मी चेहऱ्यावर घेऊन फिरत होतो. कावीळ होऊन सिस्टरांच्या वॉर्डात पडलो तेव्हा मी त्यांना आपण होऊन सांगितलं, "मी बी.कॉम. आहे." त्या म्हणाल्या, "काविळीला माहीत नाही ते. गप पडून राहा." पुढे तीन आठवडे त्यांनी माझी जी शुश्रूषा केली, ती विसरणं मला शक्य नाही.

सित्र्याच्या आमच्या कॅम्पवर सगळे बॅचलर. म्हणजे बहुतेकांना गावी बायकामुलं होती, पण ती गावी होती म्हणून इथे ते बॅचलर. शुक्रवारी संगमेश्वरचा बाबू ड्रायव्हर कंपनीचा पिकअप काढायचा आणि मागच्या हौद्यात दाटीवाटीने बसून आम्ही मनामाला, म्हणजे शहरात जायचो. वाटेत पोलीस हमखास हात करायचे. उतरा, रांगेत उभे राहा, राहण्याच्या परवान्याचं कार्ड दाखवा. शेजारून आपल्याच लोकांच्या मोटारी जायच्या. त्यात साहेब, त्यांच्या पत्नी, मागे मुलं. त्यांना कधी कुणी थांबवलं नाही. त्यांची कार्डं पाकिटात नवीकोरी राहायची आणि आमची घामाने मऊ पडायची. एकदा रांगेत माझ्या खिशातलं पेन बघून शिपायाने मला बाजूला काढलं, "ऑफिस? तुम जाओ." सिस्टरांना हे कुणीतरी सांगितलं. पुढे कित्येक दिवस त्या मला "काय पेनवाले" म्हणत होत्या.

एका शुक्रवारी त्यांना मुहर्रकला मासळी आणायला जायचं होतं, म्हणून त्या बाबूच्या शेजारी पुढे बसल्या. त्या दिवशी पिकअप थांबवलाच नाही. शिपायाने बाईमाणूस पाहिलं आणि हात खाली घेतला. बाबूच्या हे लगेच ध्यानात आलं. तेव्हापासून कुणाला महत्त्वाच्या कामाला जायचं असलं की कॅम्पवरून निरोप जायचा, "सिस्टर, येता काय?" त्या यायच्या. कडक इस्त्रीचं पातळ, मांडीवर पर्स, आणि चेहरा असा की जणू गाडीत कुणी मेलेलं मांजर ठेवलंय. बाबूला म्हणायच्या, "नवस बोलून घे रे. मी तुमची पुढे बांधलेली लिंबूमिरची."

कंपनी, शिपाई, मोटारवाले साहेब, कुणालाही त्या सोडत नसत. आणि आम्हांलाही. "सगळे मिळून एक पिकअपभर आहात, आणि एका बाईच्या पातळाआड लपता."

दत्तारामच्या वडिलांची तार आली तो दिवस मला लख्ख आठवतो. वडील रत्नागिरीच्या इस्पितळात, आज-उद्याचे. कंपनीने रजा दिली, दुपारच्या विमानाचं तिकीटही काढलं. पासपोर्ट आणि तिकीट घेऊन कंपनीचा माणूस परस्पर एअरपोर्टवर येणार होता. दत्तारामचं कार्ड मात्र नूतनीकरणाला गेलेलं. म्हणजे जवळ दाखवायला काहीच नाही. बाबूने सिस्टरांना मनामाहून घेतलं. दत्तारामला निरोप द्यायला आम्ही जरा जास्तच जण मागे चढलो होतो.

मुहर्रकच्या पुलाजवळ शिपायाने हात केला.

शिपाई हिंदी बोलणारा होता. त्याने खिडकीशी येऊन अदबीने सांगितलं, "मॅडम, आप बैठिए. इन लोगों का कार्ड देखना है." आम्ही उतरलो. रांग झाली. दत्तारामपाशी तो थांबला. दत्ताराम हात जोडून सांगत होता, "साब, बाप बीमार है, फ्लाईट है, पासपोर्ट एअरपोर्ट पे है." शिपाई म्हणाला, "कल कंपनी आएगी, ले जाएगी." त्याला रस्त्याच्या कडेला खाली बसवलं. एअरपोर्ट तिथून हाकेच्या अंतरावर होता. वरून जाणारं विमान दिसत होतं. तेवढ्यात एका ओळखीच्या मराठी साहेबांची मोटार हळू झाली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, काच वर केली आणि गेले.

सिस्टर खाली उतरल्या. चालत गेल्या आणि दत्तारामच्या शेजारी धुळीत मांडी घालून बसल्या.

शिपाई धावत आला. "मॅडम, गाड़ी में बैठिए. धूप है."

"इसको नहीं लगता धूप?"

"आपको कोई तकलीफ नहीं है, मॅडम. आप जा सकते हैं."

"मैं यहीं अच्छी हूँ."

त्याने चौकीतून खुर्ची आणली. सिस्टरांनी ती दत्तारामपुढे सरकवली. "बस रे."

"नको सिस्टर, तुम्ही..."

"बस मेल्या! बापाकडे जायचंय ना?"

दत्ताराम खुर्चीच्या कडेवर कसाबसा टेकला. इस्त्रीच्या पातळातली बाई खाली, कार्ड नसलेला मजूर खुर्चीत आणि शिपाई दोघांपुढे उभा. मोटारी आता थांबून बघायला लागल्या. एक बाई खिडकीतून इंग्रजीत काहीतरी विचारू लागली. तेव्हा आतून अधिकारी बाहेर आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एअरपोर्टवर फोन लावला. थोड्याच वेळात कंपनीचा माणूस पासपोर्ट नाचवत हजर झाला. दत्ताराम जाताना सिस्टरांच्या पाया पडायला वाकला. "वेळ घालवू नकोस," त्या ओरडल्या. तो पोचला, वडिलांनी त्याला ओळखलं, दोघांचं बोलणं झालं.

आम्ही मात्र पुलावरच जल्लोष सुरू केला. बाबू म्हणाला, "सिस्टर, जिंकलात तुम्ही!"

सिस्टर पातळ झटकत होत्या. "काय जिंकले रे? त्याने बाप मरतोय म्हणून सांगितलं, तेव्हा कुणी हललं नाही. माझं पातळ मळलं, तेव्हा फोन झाला. आणि तुम्ही टाळ्या वाजवता!" त्या रस्त्यावर थुंकल्या. त्यांना थुंकताना मी एकदाच पाहिलं.

त्यानंतर त्या पिकअपमध्ये कधीही बसल्या नाहीत. कॅम्पवरचे लोक रागावले. "सिस्टर मोठ्या झाल्या," असंही कुणी बोललं. त्यांनी खुलासा केला नाही. त्याऐवजी वॉर्डात मोटारवाला मराठी साहेब आला की सुई वर धरून विचारायच्या, "गाडीत मागे जागा असते ना? शुक्रवारी सित्र्याला या. माणसं एअरपोर्टला न्यायची आहेत." साहेब यायचे. पुलावर काच वर करणारे ते साहेबही आले. येताना सीटवर वर्तमानपत्रं अंथरून आणली होती त्यांनी. सिस्टरांनी त्यांना ती खाली मान घालून गोळा करायला लावली.

पुढे मीही एक जुनी मोटार घेतली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सिस्टर कायमच्या परत निघाल्या तेव्हा त्यांना सोडायला मीच गेलो. मागे कॅम्पवरचे दोघे होते. चौकीपाशी मी सवयीने वेग कमी केला. शिपायाने आमच्याकडे पाहिलंही नाही.

मी म्हणालो, "सिस्टर, आता बरंच सुधारलंय, नाही?"

"सुधारलं? गाडी बदलली, पेनवाले. माणसं तीच आहेत."

एअरपोर्टवर मी त्यांची बॅग उतरवून घेतली. काय बोलायचं ते मी घरून ठरवून आलो होतो. त्यांच्यामुळे मी काय शिकलो, वगैरे. त्यांनी बॅग माझ्या हातातून ओढून घेतली. "तोंड पाडून उभा राहू नकोस इथे. शुक्रवार आहे. कॅम्पवर लोक खोळंबले असतील."