दह्याचा डबा आणि मागचे शॉक

मुलुंडहून भांडुपला जाणाऱ्या माणसाने प्रवासवर्णन लिहू नये, असा एक अलिखित संकेत आहे. तो मी मोडते आहे, कारण शनिवारी सकाळी आम्ही निघालो तेच मुळी हिमालय गाठायच्या थाटात. मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, डोक्यावर उन्हाची टोपी चढवली होती आणि गळ्यात शिट्टी अडकवली होती. शिट्टी कशाला, हे मी विचारलं नाही. लग्न जुनं झालं की काही प्रश्न आपोआप गळून पडतात.

गाडीची ओळख करून देते. चार दारं, उंच चाकं आणि मागे उघडा हौदा असलेली ही पिकअप मिलिंदने जुन्या बाजारातून हौसेने आणली. डोंगरदऱ्यांसाठी बनवलेल्या या गाडीने आमच्याकडे आल्यावर पाहिलेला सर्वांत मोठा डोंगर म्हणजे सोसायटीच्या गेटातला गतिरोधक. तो ओलांडताना मागच्या सीटवरच्या माणसाचं डोकं छताला टेकतं. आणि मागची सीट माझ्या सासूबाईंची.

आईंची मणक्याची गादी सरकल्यापासून त्या मुलुंडबाहेर पडल्याच नव्हत्या. रिक्षात बसवत नाही, टॅक्सीत वाकवत नाही. इकडे त्यांची नोकरीतली जिवलग मैत्रीण, मढची सिसिलियामावशी, महिनाअखेर घर शूटिंगवाल्यांना भाड्याने देऊन वसईला लेकीकडे राहायला जाणार होती. आईंना त्याआधी एकदा त्या घरात तिच्यासोबत जेवायचं होतं. माझं म्हणणं, हे धूड विकावं आणि बुटकी, मऊ गाडी घ्यावी. मिलिंदचं म्हणणं, मागचे शॉक (चाकाजवळच्या तेलाच्या नळ्या, ज्या गाडीचं उसळणं आवरतात) बदलले की गाडी पाळण्यासारखी चालेल.

आईंनी निकालाची पद्धत ठरवून टाकली. "रविवारी निघताना मी दुधाला विरजण लावून डबा मांडीवर घेते. घरी येईपर्यंत नीट दही लागलं, तर गाडी राहील. ताक झालं, तर विकायची. मग कुणी कटकट करायची नाही."

तर भांडुप. तिथल्या एका गल्लीत परबांचं गॅरेज आहे. परब म्हणजे बोलघेवडा माणूस, पाना हातात असला तरी तोंड मोकळं. त्यांनी टेबलावर तीन प्रकारचे शॉक मांडले: साधे तेलाचे, गॅस भरलेले, आणि तिसरे लालभडक, बाजूला वेगळी टाकी असलेले. मिलिंदची नजर त्या लालवर खिळली ती हलेचना.

"साहेब, आधी सांगा, गाडी फिरवता कुठं? नि पाठी लोड किती असतो?" परबांनी विचारलं. "खरं सांगा हां. डॉक्टर नि शॉकवाला, दोघांशी खरं बोलायचं."

"डोंगर," मिलिंद म्हणाला. "दगडधोंडे, चिखल."

"नदीत घालता?"

"नेहमीच."

"काय सांगतास!" परबांना मालवणीच फुटली. "नि लोड?"

"चारशे किलो तरी असतो."

मी गॅरेजच्या छताकडे पाहत राहिले. आमच्या हौद्यात आजवर चढलेला सर्वांत जड माल म्हणजे कांद्यांची एक गोणी, आणि तीही शेजाऱ्यांची. पण मी मूग गिळून बसले. माझ्या डोळ्यांपुढे बुटकी, मऊ गाडी उभी होती.

"मग हेच घ्या," परबांनी लाल जोडी उचलली. "कडक माल आहे. चारशे किलो लोड टाका, गाडी जमीन सोडणार नाय."

बसवण्याचा सोहळा मात्र बघण्यासारखा झाला. गाडी जॅकवर उचलली, खाली लोखंडी घोडे (टेकू) लावले, चाकं काढली. जुन्या शॉकचे बोल्ट खाऱ्या हवेने असे गंजले होते की परबांना त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा लागला. शेवटी ते निघाले. परबांनी जुना शॉक हाताने दाबला, तो दबला आणि तसाच राहिला. "मेलाय हा कधीच. तुम्ही मढं घेऊन फिरत होता."

नवे बसवताना मिलिंदने उत्साहाने पाना घेतला आणि खालचा बोल्ट करकचून आवळू लागला. परबांनी त्याच्या हातावर चापटी मारली. "थांबा हो! चाकं लटकलेली असताना आवळलं की आतलं रबर पिळलेलंच राहतं, मग महिन्याभरात फाटतं. आधी गाडी जमिनीवर उतरू दे, अंगाचं वजन घेऊ दे. मग आवळायचं." तसंच केलं. मिलिंदने शॉकचे वीसेक फोटो काढले, आमच्या मुलीच्या बारशालाही त्याने इतके काढले नव्हते.

रविवारी सकाळी आई ठेवणीतली साडी नेसून, कमरेचा पट्टा बांधून, स्टुलावर पाय ठेवून गाडीत चढल्या. मांडीवर स्टीलचा डबा, आत कोमट दूध आणि विरजण. मी त्यांच्या शेजारी बसले, पंच म्हणून.

गेटातला गतिरोधक आला. पूर्वी गाडी उसळून दोनदा डुलायची. आता डुलली नाही, तिने सरळ लाथ मारली. डब्याचं झाकण खणकन वाजलं. आईंनी ते तळहाताने दाबून धरलं. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर जिथे जिथे खोदून बुजवलं होतं, तिथे तिथे लाथ बसत गेली. मिलिंद आरशातून डब्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. खरं सांगते, मला हसू आवरत नव्हतं, आणि कंबर सावरत नव्हती.

अंधेरी ओलांडून आम्ही वर्सोव्याला आलो. मिलिंदच्या डोक्यात होतं की गाडी फेरीबोटीत घालायची आणि खाडीतून तरंगत मढला उतरायचं, म्हणजे खड्डेच नाहीत. किनाऱ्यावर काठ्यांना टांगलेले बोंबील वाळत होते आणि आई काच खाली करून तो वास मजेत घेत होत्या. मिलिंदने धक्क्यावरच्या एका कोळ्याला विचारलं, "गाडी जाईल ना पलीकडे?"

त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग बोटीकडे. "दादा, तुमचे गाडीन आमची होरी बसल. होरीन तुमची गाडी नाय बसाची." (तुमच्या गाडीत आमची होडी मावेल, होडीत तुमची गाडी नाही.) धक्क्यावरचे सगळे खो खो हसले, आई सर्वांत मोठ्याने.

मिलिंदने तिथूनच परबांना फोन लावला. गाडीतला फोन स्पीकरवर असतो, हे तो विसरला.

"परब, गाडी फार उडते हो."

"पाठी लोड किती हाय?"

मिलिंद पुटपुटला, "आत्ता... रिकामी आहे."

"मग उडणारच ना! शॉक तुमच्या चारशे किलोला बसवलेत. रिकामी कशाला फिरवता? तुमचा नेहमीचा लोड टाका, एकदम झकास चालेल."

फोन बंद झाला. मागच्या सीटवरून आईंनी शांतपणे विचारलं, "कुठले चारशे किलो रे, मिल्या?"

मिल्याने गाडी सुरू केली. आम्ही मालाडवरून वळसा घालून मढच्या रस्त्याला लागलो. एका बाजूला तिवरं, मधूनच समुद्राची पट्टी, आणि शूटिंगला भाड्याने दिलेले मोठमोठे बंगले. अशाच एका बंगल्यापुढे टेम्पो बंद पडला होता आणि एक माणूस हात हलवत होता. त्याच्या पायाशी एक अजस्र काळा खडक होता.

"सर, पुढच्या बंगल्यापर्यंत हा नेता का? सीन अडकलाय यार, वाट लागलीय माझी."

खडक पाहून मिलिंदचे डोळे चमकले. "नक्कीच!" तो उतरला, बाह्या सारल्या, गुडघ्यात वाकला, दम भरला आणि सर्व ताकदीनिशी खडक उचलला. खडक त्याच्या डोक्यावरून मागे उडाला आणि पाठोपाठ मिलिंद चारी मुंड्या चीत. थर्माकोल होता तो. मग पुढच्या बंगल्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला मागे हौद्यात तो भलाथोरला खडक चेंडूसारखा उड्या मारत होता आणि रस्त्यावरची माणसं आमच्याकडे आ वासून पाहत होती.

सिसिलियामावशी दारातच उभी होती. "कवरी सुकलीस गो!" (किती वाळलीस गं!) म्हणत तिने आईंना मिठी मारली. मग दोघींनी एकमेकींचे हात सोडलेच नाहीत. जेवायला कोळंबीचं आंबट-तिखट कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या होत्या. दह्याचा डबा टेबलाच्या मधोमध ठेवला होता, आणि त्याला धक्का लागू नये म्हणून एक हात त्याच्याभोवती धरून मिलिंद अख्खं जेवण दुसऱ्या हाताने वाढून घेत होता. तेव्हा मात्र मला त्याची दया आली. जन्मभर हिशेबाने वागलेल्या माणसाने ही एकच वेडी हौस केली होती.

दुपारभर दोघी मैत्रिणी बोलत राहिल्या. निघायची वेळ झाली तशी आईंचा आवाज बारीक झाला. अंगणात मावशीचा दगडी रगडा, जातं, पाटा-वरवंटा आणि पाणी साठवायची मोठी दगडी डोण होती. या रगड्यावर दोघींनी तरुणपणी कितीदा तरी नाताळचा मसाला वाटला होता.

"वसईच्या फ्लॅटमध्ये कुठे ठेवू?" मावशी म्हणाली. "नि शूटिंगवाले म्हणतात हे उचला, जड पडतं. ते याच्याच सारखं थर्माकोलचं बनवणार आहेत."

आई रगड्यावर हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी मिलिंदकडे पाहिलं. "मिल्या, तुझे ते चारशे किलो बसतील ना रे?"

गावठाणातली सहा माणसं लागली. डोण हौद्यात टेकली तशी गाडी मागून हळूच खाली बसली, एखादी दमलेली बाई पाटावर टेकते तशी. खाली गोणपाटं, भोवती दोर, वर वरवंटा कापडात गुंडाळून. मावशीने दगडांना हात लावून नमस्कार केला आणि न रडता घरात गेली.

परतीचा रस्ता तोच, खड्डे तेच. पण गाडी! पहिला खड्डा आला तो मला कळलाच नाही. दुसऱ्यावर आईंनी डब्यावरचा एक हात काढून पदर नीट केला. लिंक रोडवर तर त्यांचा डोळा लागला आणि डबा मी धरला. वाईट रस्ता आला की मी तो दोन्ही हातांनी मांडीपासून जरा उचलून धरत होते. पंचाने असं करू नये. बुटक्या, मऊ गाडीचं मन तेव्हाच मोडलं असावं.

पार्किंगमध्ये आईंनी डबा बोनेटवर ठेवून झाकण काढलं. मिलिंदने डोळे मिटले होते. आईंनी डबा आडवा धरला. दही जागचं हललं नाही. त्यांनी बोटावर थोडंसं काढून आधी लेकाच्या तोंडात घातलं आणि म्हणाल्या, "गाडी राहिली."

राहिले ते दगडसुद्धा. डोण आमच्या घरात शिरेना, आणि दगड उतरवले तर गाडी पुन्हा लाथा मारणार. आता रविवारी सकाळी आई स्टुलावरून हौद्यात चढतात, खुर्चीवर बसून रगड्यात डाळ वाटतात. सोसायटीतल्या बायका वाट्या घेऊन भोवती जमतात. दर महिन्याला हा सगळा दगडी संसार तसाच हौद्यात ठेवून आम्ही आईंना वसईला सिसिलियामावशीकडे नेतो, आणि मावशी उतरून आधी रगड्याला भेटते, मग आम्हाला. प्रवासाने माणूस बदलतो असं म्हणतात, तसं माझं काही झालं नाही. मी फक्त बुटक्या गाड्यांची पत्रकं रद्दीत टाकली.

परवा आम्ही पार्किंगमध्येच गाडीत बसलो असताना परबांचा फोन आला. या वेळीही स्पीकरवर.

"काय साहेब, शॉक कसे चाललेत? लोड टाकता ना पाठी?"

"टाकतो की. चारशे किलो तरी आहे," मिलिंद म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला ते ताठ मानेने म्हणता आलं.

"एवढं असतं तरी काय हो पाठी?"

मिलिंदने आरशातून मागे पाहिलं. हौद्यात रगड्यावरून पिठाचा हात निरपत आई ओरडत होत्या की डाळ संपली, वरून आणा.

"आई आहे," तो म्हणाला.